धूळ पुसा, पण रंगाला हात लावू नका

परवा आत्याकडे जेवणानंतर सुरू झालेला वाद अर्धवटच राहिला. साडेअकराला आत्यानं हॉलमधला दिवा मालवला आणि आम्ही मुकाट्यानं उठलो. माझा आवाज जरा चढला होता, हे मान्य. पण मुद्दा मी सोडलेला नाही, म्हणून उरलेलं भांडण इथं लिहितोय.

निमित्त झालं एका फोटोचं. आतेभावानं मोबाईलवर दाखवला. एक अंधारं गॅरेज, आणि त्यात एक गडद निळी, उघड्या टपाची जुनी फेरारी. अंगावर धुळीचा जाड थर. आणि वर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले, आपल्याकडे बंद पडलेल्या वॉशिंग मशीनवर रद्दी रचतात तसे. काकांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाले, "अरेरे, काय दशा केलीय! पहिलं काम म्हणजे सगळा रंग खरवडायचा आणि झकास लाल मारून टाकायचा. फेरारी म्हणजे लाल!" त्यावर आतेभाऊ हसला. "काका, ही गाडी अशीच्या अशी, धुळीसकट, शंभर कोटींच्या वर विकली गेली. पुसली असती तर पैसे कमी आले असते. आता आजोबांच्या फियाटवरही कोणी फडकं फिरवू नका."

काकांचंही चूक आणि याचंही चूक. पण दोघांना एकदम उत्तर द्यायला गेलो आणि फसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आजोबांची १९६८ सालची फियाट अकराशे साताऱ्याच्या घरामागे शेडमध्ये १९९९ पासून उभी आहे. यंदा तिचं काहीतरी करायचं, एवढं ठरलंय. काय करायचं ते ठरलेलं नाही. त्यामुळे हा वाद नुसता परदेशातल्या कोणा कोट्यधीशाच्या गाडीचा नाही.

आधी त्या फोटोची गोष्ट. पश्चिम फ्रान्समध्ये बायों नावाचे एक वाहतूक व्यावसायिक होते. ट्रकचा धंदा, पैसा बरा, आणि जुन्या गाड्यांचं वेड. गाड्यांचं मोठं संग्रहालय काढायचं या इराद्यानं ते गाड्या गोळा करत गेले. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धंदा गडगडला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, संग्रहालय राहिलं ते राहिलंच. उरलेल्या गाड्या शेतघराच्या आवारात पत्र्याच्या आडोशाखाली तशाच पडून राहिल्या. काहींवर वेली चढल्या, काहींचे तळ गळून पडले. २०१४ मध्ये त्यांच्या नातवंडांनी आर्तक्युरियाल या पॅरिसच्या लिलावसंस्थेला बोलावलं. बहुतेक गाड्या उघड्यासारख्याच होत्या, पण एका बंद गॅरेजमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी निघाल्या: एक मासेराती ए-सिक्स-जी, आणि दुसरी ही, १९६१ ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर. आखूड चासीवरची. अशा सगळ्या मिळून पन्नासेकच झाल्या. ही एके काळी अलँ दलाँची. १९६४ मधले त्याचे फोटो आहेत, हीच गाडी आणि शेजारी जेन फोंडा. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या रेत्रोमोबिल प्रदर्शनात लिलाव झाला आणि ही गाडी सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. त्या वेळच्या दरानं शंभर कोटींच्या वर, म्हणजे आतेभावाचा आकडा बरोबर आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात अशाच दुसऱ्या एका कॅलिफोर्निया स्पायडरला १ कोटी ६८ लाख डॉलर आले. पॅरिसचा आकडा डॉलरमध्ये केला तर साधारण १ कोटी ८५ लाख होतो. म्हणजे चालती, चकचकीत गाडी मागे आणि गॅरेजमधून ढकलत काढलेली पुढे! दलाँच्या नावाचा त्यात मोठा वाटा आहे, हे उघड आहे. तरी पण.

आता काकांकडे वळतो. काका, तुमचं म्हणणं म्हणजे मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या जडलेला जीर्णोद्धाराचा रोग आहे. काळ्या दगडाचं सुंदर देऊळ दिसलं, की गावकरी वर्गणी काढतात आणि खांबांना पोपटी ऑइलपेंट फासतात. भावना चांगलीच असते. पण पाथरवटाची छिन्नी जिथं दिसत होती तिथं आता फक्त रंग दिसतो.

गाडीच्या बाबतीत नेमकं हेच होतं. या स्पायडरचं अंग मोडेनात सर्जो स्कालिएत्तीच्या कारखान्यात घडलेलं. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीनं ठोकून ठोकून गोलाई आणायची, अशी ती पद्धत. अंग पोलादाचं, दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. हातानं ठोकलेलं असल्यामुळे डावी आणि उजवी बाजू मोजायला गेलात तर तंतोतंत जुळत नाही. दाराच्या फटी वरखाली सारख्या नसतात. रंग पातळ. सीटच्या किंवा दाराच्या अस्तराआड कामगारानं खडूनं घातलेला आकडा सापडतो. माझ्या लेखी ही सगळी मोडेनातल्या त्या माणसांची सही आहे.

आणि 'रिस्टोरेशन' करताना पहिल्यांदा हीच सही पुसली जाते. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीसपंचवीस वर्षांत प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं म्हणून काय काय झालं बघा. पत्रा उघडा करायचा, फटी मापात आणायच्या, वर आजकालचा जाड काचेसारखा रंग, आणि क्रोम असा, की त्या कारखान्यानं जन्मात दिला नव्हता. शेवटी जी गाडी तयार होते ती १९६१ मध्ये कधीच नव्हती. नवीपेक्षा नवी! लोक तिच्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि परीक्षकही बरीच वर्षं तिलाच फीत बांधत होते. पेबल बीचच्या सुप्रसिद्ध स्पर्धेत न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग २००१ मध्ये आला. स्पर्धा १९५० पासूनची. आणि अशा गाडीला एकूण पहिलं बक्षीस मिळायला २०२४ उजाडावं लागलं. ती १९३४ ची बुगाती टाइप ५९. (कारखाना फ्रान्समधला, पण एत्तोरे बुगातीचा जन्म मिलानचा, त्यामुळे निम्मं श्रेय मी इटलीला देणार.)

काकांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. ते म्हणाले, "अरे, रंगाऱ्याचं, पत्रेवाल्याचं कौशल्य आहे की नाही? त्यांनी काय करायचं?" आहे ना. मोडेनाच्या आसपास आजही असे कारागीर आहेत, आणि त्यांचा हात टिकला पाहिजे. पण मला विचाराल तर सगळं खरवडून नवं करण्यापेक्षा कुठं थांबायचं ते कळणं अवघड. गंजून चाळण झालेला तळ कापून नवा पत्रा जोडावाच लागतो. तिथं मी हट्ट करणार नाही. तेवढाच कापा, कापलेला तुकडा फेकू नका आणि जोड कुठं आहे ते लिहून ठेवा. आजी पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घ्यायची. पातेलं वितळवून नवं ओतून आणलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

आता आतेभाऊ. याचा रोग नवा आहे आणि माझ्या मते जास्त लबाड आहे.

पॅरिसच्या त्या लिलावात गाड्या सापडल्या तशाच, धुळीसकट मांडल्या होत्या. ते दृश्य गाजलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, खुद्द मारानेल्लोत, फेरारीच्या सत्तरीच्या सोहळ्यात एक डेटोना विकायला आली. रस्त्यावरच्या डेटोनांपैकी अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाची ही एकमेव, आणि जपानमधल्या एका शेडमध्ये सुमारे चाळीस वर्षं झाकून पडलेली. तीसुद्धा धुळीसकट मंचावर. १८ लाख युरोंच्या वर गेली. जपानातली धूळ इटलीपर्यंत कशी न सांडता नेली असेल? पॅकिंगवाल्यांना सांगितलं असेल, "जरा जपून, धूळ आहे आत!"

धूळ म्हणजे इतिहास नाही रे बाबा. इतिहास म्हणजे दलाँच्या (किंवा कोणाच्याही) बुटांनी झिजलेलं पेडल, उन्हानं तडकलेलं कातडं, कोणा वॉचमननं फाटक लावताना पाडलेला ओरखडा. ते गाडी वापरल्यामुळे आलं. धूळ आली ती कोणी वापरली नाही म्हणून. चाळीस वर्षं कोणी फडकं फिरवलं नाही, एवढाच तिचा अर्थ. आणि ती निरुपद्रवीही नसते. धूळ ओल धरून ठेवते आणि ओल म्हणजे गंज. तिच्यात बारीक रेती असते, म्हणून कोरडं फडकंही फिरवायचं नाही. आधी मऊ ब्रशनं आणि हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमनं उचलायची, मग भरपूर पाण्यानं आणि सौम्य साबणानं, न घासता धुवायची. खालचा रंग जसा असेल तसा निघेल. फिका असेल, तडे गेलेले असतील, एखाद्या ठिकाणी पत्रा दिसेल. तो तसाच ठेवून मेण लावायचं, झालं. धुळीखाली जे आहे तेच तर बघायचं आहे! ते झाकून धूळच दाखवणं म्हणजे वारकऱ्याच्या पायाऐवजी त्याच्या चपलेवरच्या चिखलाला नमस्कार केल्यासारखं.

पुरातत्त्ववाल्यांचं उदाहरण मला तोंडावर फेकू नका. तेही माती काढतातच.

मी एकच अपवाद मानतो. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या मॅजोरे सरोवरातून २००९ मध्ये १९२५ ची एक बुगाती बाहेर काढली. सत्तरएक वर्षं पाण्याखाली होती. एक बाजू गंजून नाहीशी झालेली. २०१० मध्ये ती २ लाख ६० हजार युरोंना विकली गेली, आणि घेणाऱ्यानं शहाणपणानं ती होती तशीच आपल्या संग्रहालयात ठेवली. ते बरोबर होतं, कारण ती गाडी म्हणून संपली होती. तिला परत चालवायचं तर सगळंच नवं करावं लागलं असतं. मेलेल्याला मेलेलं म्हणावं. पण गॅरेजमधली फेरारी मेलेली नव्हती. ती नुसती बंद होती.

(याच्या उलट टोकाचाही मासला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत १९५४ ची एक फेरारी ५०० मोंदियाल विकली गेली. साठच्या दशकात आपटून जळालेली. फोटो बघा, चुरगळून फेकलेल्या फॉइलसारखा पत्रा. १८ लाख ७५ हजार डॉलर! यात विकलं काय गेलं? चासीचा नंबर. उद्या त्या नंबराभोवती कोणीतरी नवीकोरी गाडी बांधेल आणि आपण तिला १९५४ ची म्हणायचं. काका आणि आतेभाऊ या दोघांचे रोग एकाच गाडीला एकदम!)

तर बंद गाडी. खरा आनंद इथून पुढे आहे आणि याबद्दल परवा कोणी मला बोलूच दिलं नाही.

चाळीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीत नवी बॅटरी घालून चावी फिरवणं हा गुन्हा आहे. का ते सांगतो. या २५० मध्ये तीन लिटरचं, बारा सिलिंडरचं इंजिन. बाराही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल केव्हाच ओघळून गेलेलं. पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या. गाडी ज्या क्षणी बंद केली त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे होते, ते तसेच उघडे अडकलेले असू शकतात, आणि त्यांच्या स्प्रिंगा चाळीस वर्षं दाबलेल्या. स्टार्टरनं झटका दिला तर पिस्टन वर येऊन अडकलेल्या व्हॉल्व्हला धडकणार. चाळीस वर्षं जे वाचलं ते दोन सेकंदांत खलास.

म्हणून आधी बाराही प्लग काढायचे. प्रत्येक भोकातून पातळ तेल सोडायचं आणि मग... काही करायचं नाही. आठवडाभर थांबायचं. परत तेल, परत थांबायचं. मग एक दिवस हातानं इंजिन फिरवून बघायचं, ताकद न लावता. हललं तर हललं. जरा हललं तर जरा मागं, जरा पुढं. वरची झाकणं उघडून एकेक व्हॉल्व्ह खालीवर होतोय का ते बघायचं. तेलाच्या टाकीत तळाशी काळा गाळ बसलेला असतो, तो नव्या तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचायच्या आत काढायचा.

टाकीतल्या पेट्रोलचं तर पेट्रोल राहिलेलंच नसतं. त्याचा चिकट डिंक होतो आणि वास जुन्या व्हार्निशसारखा. तो डिंक पेट्रोलच्या नळीत, पंपात आणि तिन्ही वेबर कार्ब्युरेटरच्या बारीक बारीक जेटमध्ये बसतो. सगळं सुटं करून धुवायचं. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे कॅलिपरचे पिस्टन आतून गंजून बसलेले. रबरी होस बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. टायर एका जागी चपटे आणि दगडासारखे. आणि वायरी? उंदरांना विचारा.

यातलं बहुतेक बदलावंच लागतं आणि बदलावंच. होस, टायर, तेल, पट्टे हे कारखान्यातून बाहेर पडतानाच बदलण्यासाठी बनवलेले असतात. ते जुनेच ठेवले म्हणून गाडी 'ओरिजिनल' होत नाही, फक्त धोकादायक होते. ही माझ्या पदरची अक्कल नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे फिवानं, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. जुन्या वास्तूंसाठी १९६४ मध्ये व्हेनिस सनद झाली, तिच्याच वळणाची. सारांश असा, की शक्य तेवढं जपा, गरज असेल तेवढंच बदला, बदललेला भाग ओळखता येईल अशी खूण करा, आणि गाडी वापरात ठेवा. तेवढं शेवटचं वाक्य आतेभावानं दोनदा वाचावं.

वापरात का? कारण गाडी ही तिजोरीतली नाणी नाहीत. बारा सिलिंडरचा तो आवाज, स्टिअरिंगचा जडपणा, गरम तेलाचा वास या गोष्टी उभ्या गाडीत नसतातच. गाडी चालते तेव्हाच त्या असतात. फिलाडेल्फियात सिमियोन संग्रहालय आहे, एका न्यूरोसर्जननं उभं केलेलं. १९३८ ची मिल्ले मिलिया जिंकलेली अल्फा रोमिओ तिथं आहे. ते लोक जुन्या रेसच्या गाड्या उगाच चकाचक करत नाहीत आणि ठराविक शनिवारी मागच्या मैदानात त्या चालवून दाखवतात. ओरखड्यांसकट. मी स्वतः बघितलेलं नाही, चित्रफितीच बघितल्यात, पण त्या बघून माझं मत पक्कं झालं.

राहता राहिली आमची सौ. ती म्हणाली, "शंभर कोटींची गाडी, आणि तुम्ही तिघं भांडताय धुळीवरून!" श्रीमंतांचे चोचले, वगैरे. या मुद्द्यावर मी फार लिहिणार नाही, कारण ती हे वाचते. एवढंच म्हणतो, की किंमत शंभर कोटी झाली ती लिलावाच्या दिवशी. त्याआधी चाळीस वर्षं त्याच गाडीवर रद्दी रचलेली होती. आमच्या फियाटवर आत्ता लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि गणपतीचं मखर आहे.

फियाटही इटलीचीच, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आलेली. फेरारीशी तिचं नातं लांबचं, आपल्याकडच्या लग्नपत्रिकेतल्या शेवटच्या नावाइतकं. पण इंजिन असंच धरून बसलेलं असणार, फक्त बाराऐवजी चार प्लग. ड्रायव्हरच्या दारावर कोपराखाली रंग उडून पत्रा उघडा पडलाय. आजोबा काच खाली करून तिथं हात ठेवायचे, उन्हाळा असो की पाऊस. डॅशबोर्डवर आजीनं चिकटवलेल्या गणपतीचा गोल डाग आहे. काकांनी पाठवलेलं डेंटिंग-पेंटिंगचं कोटेशन मी वाचलं. त्यात पहिलीच ओळ आहे, 'पूर्ण रंग काढणे'.

तर पुढच्या रविवारी सकाळी आठला मी साताऱ्यात आहे. बरण्या हलवायला दोन माणसं लागतील. आतेभावानं पाण्याचा पाइप आणि मऊ ब्रश आणावा, धुण्याचं काम त्याचंच. काकांना खुर्ची टाकून ठेवतो, आणि प्लग काढायला त्यांच्याइतका हलका हात कोणाचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेल सोडायचं आणि परत यायचं, त्या दिवशी चावीला कोणी हात लावायचा नाही. रंगवाल्याला मी कालच फोन करून नको म्हणून सांगितलंय.